आमची वाटचाल: पाथर्डी फाट्यावरचं ब्रेकचं गॅरेज

2003 साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतली नोकरी सोडली आणि पाथर्डी फाट्याजवळ पत्र्याचं शेड घेतलं. सोबत एक पार्टनर होता, तो दोन वर्षांत जमिनीच्या धंद्यात गेला, त्याचं भलं झालं, विषय संपला. कंपनीत मी क्वालिटीला होतो त्यामुळे वर्निअर, म्हणजे जाडी एमएममध्ये मोजायचं हत्यार, हातातला होता, तोच गॅरेजला आणला. तेव्हा फाट्यावरचे सगळे मिस्त्री ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्हीकडून दाबून गाडी थांबवणारे तुकडे, अंगठ्याने चाचपून सांगायचे "पॅड गेले शेठ", आणि मी वर्निअर लावून सांगायचो साडेपाच एमएम आहे, अजून चालव. हसायचे लोक, सोनाराचं दुकान म्हणायचे आमच्या गॅरेजला. हसू दे. नवीन पॅडचं मटेरियल साधारण 10 ते 12 एमएम असतं, 3 ला आलं की बदलायचं, 2 च्या खाली गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि हे सगळं मागची लोखंडी प्लेट सोडून मोजायचं. बरेच जण प्लेटसकट मोजतात आणि खूश होतात!

मधली वर्षं चांगली गेली, सांगण्यासारखं काही नाही. पोरं शिकली, गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट घेतली, हप्त्यावर.

मग 2015 चा सिंहस्थ आला, रस्ते झाले, गाड्या वाढल्या, आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एक मोठं चकाचक गॅरेज उघडलं. नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, "फ्री ब्रेक चेकअप" चा फ्लेक्स. फ्री चेकअपमध्ये काय व्हायचं तर शंभरातल्या बहुतेकांचे पॅड "संपलेले" निघायचे. मी तयार केलेली दोन पोरं जास्त पगारावर उचलली, त्याचं मला एवढं नाही, पगार वाढला तर पोरगं जाणारच. पण त्यांच्या काउंटरवरून लोकांना सांगितलं जायचं की तो फाट्यावरचा मिस्त्री पॅड घासून घासून वापरायला लावतो, एक दिवस कसारा घाटात जाल. हे मी अजून विसरलेलो नाही. ज्या माणसाने आयुष्यभर घाटातल्याच गाड्यांचे ब्रेक केले त्याला हे ऐकायला लागावं! गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, लिफ्टचे हप्ते थकले, मंडळींचं सोनं पतसंस्थेत ठेवलं, आणि एक दिवस लिफ्ट विकायची म्हणून माणूस बघूनसुद्धा गेला.

वाचवलं ते मामांनी. मामा म्हणजे टुरिस्ट अर्टिगावाले, त्र्यंबक, शिर्डी, वणीचा गड, हाच त्यांचा रोजचा धंदा. नवरात्रात खासगी गाड्या गडाच्या पायथ्याला नांदुरीलाच थांबवतात म्हणून, नाहीतर वर्षभर तो घाट चढउतार. त्यांना त्या चकाचक गॅरेजात सांगितलं पुढचे पॅड संपले, आजच बदला. मामा कोटेशनचा कागद खिशात घालून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मोज रे बाबा." मोजले तर चारही पॅड 6 च्या वर. मी म्हटलं मामा काही करू नका, दिवाळीनंतर दाखवा. मामा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून स्टँडवरच्या गाड्या एकेक करून यायला लागल्या, पाठवलं कोणी तर मामांनी.

त्याच महिन्यात त्याच गॅरेजातून "ओके" होऊन आलेली एक डिझेल स्विफ्ट आली, करर्र करर्र आवाज. त्यांनी चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड बघितलेला, तो 5 एमएम होता, खरंच होता. पण आतला पॅड? पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती स्लाइड पिन जाम, त्यामुळे आतला एकटाच घासून लोखंडाला लागलेला, डिस्कवर बोट अडकेल अशी खाच. डिस्कवर मिनिमम जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजली तर त्याखाली गेलेली, म्हणजे लेथवर घासून सपाट करण्याचाही उपयोग नाही, नवीनच टाकावी लागली. मालकाच्या हातात दोन्ही पॅड दिले आणि मी एक शब्द बोललो नाही. म्हणून सांगतो, चाक काढल्याशिवाय जो पॅड सांगतो त्याचं ऐकू नका.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. किलोमीटरवर जाऊ नका. हायवेवर मुंबई करणाऱ्याचे पॅड 50 हजारसुद्धा जातात, आणि कॉलेज रोडला रोज अडकणारी ऑटोमॅटिक 25 हजारातच मागते. ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टी येते ती बऱ्याच गाड्यांत पॅडवरची पट्टी डिस्कला लागते म्हणून, ती मुद्दाम दिलेली असते, तेव्हाच या. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकला खरखर येऊन गेली तर तो डिस्कवरचा गंज, घाबरू नका. ब्रेक ऑइलची पातळी हळूहळू खाली गेली तर आधी पॅड बघा, वरून ऑइल टाकत बसू नका, नाहीतर नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की ते सगळं ऑइलच्या डब्यातून बाहेर येतं आणि गाडीचा रंग जातो. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, एका बाजूचे नाही, हे मला रोज भांडून सांगावं लागतं. नवीन पॅडवर लगेच घाटात जाऊ नका, आधी मोकळ्या रस्त्यावर बेताचे ब्रेक मारून बसू द्या. आणि घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्यातच उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर जळका वास येईल आणि पेडल दाबूनही गाडी थांबायची नाही, तेव्हा पॅडला नावं ठेवू नका.

ते चकाचक गॅरेज पुढे बंद झालं, तिथे आता फर्निचरचं शोरूम आहे. दोनातलं एक पोरगं परत आलं, घेतलं, वर्निअर त्याच्याच हातात असतो आता. सोनं सोडवलं, लिफ्ट आपलीच आहे. मामांनी गाडी मुलाकडे दिली, पण पॅड दाखवायला अजून स्वतःच येतात, आणि चहाचे पैसे देऊ देत नाहीत.

शनिवारी कंपन्यांना सुट्टी असते, सगळी एमआयडीसी आमच्याकडेच असते, तेव्हा जमलं तर मधल्या वारी या, आणि अलॉय व्हीलला लॉक नट असेल तर त्याची चावी घरी विसरू नका.