चॅटमधली एक ओळ

आज नौपाड्यात ताईकडे गेलो, तर भाचा मित्रांसाठी माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालू करत होता. तोही मुद्दाम जुन्या व्हर्जनवर, कारण आवडते मॉड (गेममध्ये भर घालणारे बदल) त्यावरच चालतात. म्हटलं, थांब जरा!

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत, म्हणजे नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या तयार कोडमध्ये, भोक सापडलं होतं, आणि माइनक्राफ्टही तीच वापरतं. गेमच्या चॅटमध्ये कुणी ठरावीक ओळ टाकली, की सर्व्हर ती लॉगमध्ये लिहिताना बाहेरून कोड आणून चालवायचा. नुसत्या चॅटमधून! (हॅकिंग म्हणजे काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं, असं मानणाऱ्यांनी हे वाचावंच.)

"मामा, पण आम्ही चौघंच खेळतो."

चौघंच, आणि पोर्ट (इंटरनेटवरून सर्व्हरमध्ये यायचं दार) अख्ख्या जगाला उघडा! गेम बनवणाऱ्या मोजांगने जुन्या व्हर्जनांसाठी दिलेली दुरुस्ती (पॅच) टाकली, व्हाइटलिस्ट लावली, म्हणजे यादीतल्यांनाच प्रवेश. मॉड शाबूत. ताई मात्र विचारत होती, अभ्यासाचा पॅच कधी येणार?