तुम्ही विचारलंत म्हणून: ही ढकलाढकली मी का बघते

ह्यूस्टनला अकरा वर्षं झाली आणि गणपतीत, पॉटलकला, ऑफिसात, सगळीकडे मला तोच प्रश्न. अगं बास्केटबॉलच बघायचा तर एनबीए, ती प्रोफेशनल लीग बघ ना, ही कॉलेजच्या पोरांची ढकलाढकली काय बघतेस, दोघांचे मिळून शंभर-सव्वाशे पॉइंट होतात जेमतेम. आई फोनवर विचारते, पोरांना लागत नाही का गं.

लागतं. ते आधी कबूल करते.

मी फॅन ह्यूस्टन युनिव्हर्सिटीची, म्हणजे कोच केल्विन सॅम्पसनच्या टीमची. त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये रिंगवर एक झाकण बसवतात, बबल म्हणतात त्याला, मग मारलेला प्रत्येक शॉट बाहेरच येतो आणि पोरं त्या एका रिबाउंडसाठी, म्हणजे उडून परत आलेल्या बॉलसाठी, एकमेकांना रेटत राहतात, बास्केट होणारच नाही हे माहीत असताना. हे कळलं त्या दिवशी मी त्यांची झाले. पूर्वी मी लोकांना पटवायचे की उंची आणि उडी जन्माने मिळते, पण शॉट सुटला की बॉलकडे न बघता आधी मागच्या माणसाला पाठीने अडवून धरणं, बॉक्स आउट, ते कोणालाही जमतं, जो राबेल त्याला बॉल. सांगताना छान वाटायचं. पण ते अर्धंच खरं होतं. मला तो धप्प आवाजही आवडतो, दोन अंगं आदळल्याचा, आणि आदळून दोघंही परत उठतात ते. सांगलीची म्हणून कुस्ती रक्तात असणार, असंही लोक ठरवून टाकतात. नाही हो, मी तालमीच्या आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही.

2024 ला ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध आमच्या जमाल शेडचा घोटा दुखावला आणि आम्ही 54-51 हरलो, तेव्हा म्हटलं होतं बास, आता नाही बघायचं. नोव्हेंबरात नवा सीझन लागला आणि परत टीव्हीसमोर होते.

मग 7 एप्रिल 2025, सॅन अँटोनियो, फ्लोरिडाशी कॉलेज चॅम्पियनशिपची फायनल. दोनच दिवस आधी एका वेळी ड्यूकच्या चौदा पॉइंट मागे होतो, तरी शेवटचे नऊ सलग घेऊन 70-67 जिंकलो होतो, त्यामुळे मला वाटत होतं आता आम्हाला कोणी हात लावत नाही. फ्लोरिडाचा हुकमी प्लेअर वॉल्टर क्लेटन पहिल्या हाफमध्ये शून्यावर. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही बारा पॉइंट पुढे. आणि मग ती आघाडी हळूहळू गळत गेली, 65-63, आम्ही मागे, वीसेक सेकंद, बॉल आमच्याकडे. आमचा इमॅन्युएल शार्प थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारायला उडाला, क्लेटन धावत अंगावर आला, शॉट मारला तर अडवला जाणार हे शार्पला हवेतच दिसलं असावं, त्याने बॉल खाली सोडून दिला. बॉल जमिनीवर टप्पे खातोय आणि शार्प त्याच्या शेजारी. मी ओरडले, उचल, उचल रे! मग लक्षात आलं, त्याला उचलता येत नाही, उडी मारून स्वतःच सोडलेल्या बॉलला त्यानेच आधी हात लावला की ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग, बॉल समोरच्यांचा. फ्लोरिडाच्या अ‍ॅलेक्स कॉन्डनने अंग झोकून दिलं बॉलवर. संपलं. शेवटच्या चालीत आमचा शॉटसुद्धा गेला नाही.

लूज बॉल हो, कोणाच्याच हातात नसलेला. वर्षभर आमची पोरं ज्याच्यासाठी जमिनीवर लोळतात तोच.

नवऱ्याने रिमोट उचलला, मी म्हटलं राहू दे. पूर्वीची मी म्हणाली असती की फ्लोरिडाने जास्त मनापासून धडपड केली. खोटं आहे ते, आमच्या पोरांनी काय कमी केलं होतं? बॉल शार्पच्या पायाशी होता आणि नियमाने त्याला हात लावता येत नव्हता, ह्यात राबण्याचा काय संबंध? पण कॉन्डनने केलं ते तर मला आवडतं तेच, तो समोरच्या टीमचा म्हणून मी त्याला वेगळं नाव कसं देऊ?

ती क्लिप मी अजून लावते. पहिले काही महिने शार्पकडेच बघायचे, आता कॉन्डनकडे बघते, तो पडतो तिथे.