रेड डॉटचा माउंट, तिसरा तुकडा: बैठक जमली

शनिवारी एअर पिस्तूलवर रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट) बसवायचा माउंट पाच वेळा काढला, पाच वेळा लावला आणि दर वेळी पिस्तूल सँडबॅगवर टेकवून पाच छर्रे मारले. ग्रुपचा (पाच छिद्रांच्या पुंजक्याचा) मध्य फार तर ३ मिमी सरकला. तीन महिने हेच पाहायची वाट बघत होतो.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १० मीटर एअर पिस्तूलच्या सामन्यात उघडीच साईट (पुढची फोरसाईट आणि मागची बॅकसाईट) लागते, डॉट चालत नाही. मला तो फक्त सरावाला हवाय. ट्रिगर सुटताना मनगट किती ओढलं जातं ते डॉट लगेच दाखवतो. फोरसाईट-बॅकसाईटच्या फटीत तेवढं कळत नाही. पण सराव संपला की पिस्तूल पुन्हा सामन्याचं व्हायला हवं. आधी मी बॅकसाईट काढून तिच्याच जागी माउंट बसवत होतो आणि प्रत्येक वेळी तिचा झीरो (नेम धरला तिथेच छर्रा लागेल अशी जुळणी) नव्याने शोधत बसायचो. आता बॅकसाईटला हातच लावायचा नाही असं ठरवलंय. माउंट तिच्या पुढे, पिस्तुलाच्या पाठीवरच्या ११ मिमी डव्हटेलवर (तिरप्या कडांच्या पट्टीवर) बसतो आणि नजर बॅकसाईटच्या वरून जाते. त्यामुळे डॉटची उंची नळीच्या मध्यापासून ३५ मिमी झाली.

पहिला तुकडा पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये) छापला होता. मापं जुळवायला तो उत्तम. मे महिन्यात दुपारी गाडीत मागच्या काचेखाली राहिला आणि डव्हटेलला पकडणारा जबडा फाकला. पीएलए ६० अंशांच्या आसपास नरम पडतं. आपल्या नागपूरच्या उन्हात छापलेला माउंट कायमचा वापरू नका, हे मी कळकळीने सांगतो.

मग इतवारीत लोहाओळीतून ६०६१ ग्रेडच्या ॲल्युमिनिअमची पट्टी आणली आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिलिंगला दिली. मशीनवरचे काका थोडा वेळ कापाचा आवाज ऐकत राहिले. “थांबा भाऊ, माल टूलला चिपकून राहिला,” म्हणाले आणि रॉकेलची धार सोडली. चिरका आवाज लगेच मऊ झाला. कापलेल्या पृष्ठभागावरून बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं.

दुसऱ्या तुकड्यात माझी चूक झाली होती. माउंटची वरची पाठ, जिच्यावर डॉट बसतो, मी नळीला समांतर ठेवली. डॉट नळीपासून ३५ मिमी वर, आणि साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा १० मीटरपर्यंत २२ मिमी खाली येतो. म्हणजे ५७ मिमीचा फरक. टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिमी व्यासाचा, त्याच्या मध्यावर डॉट धरला तर छर्रे पार खाली पांढऱ्यात. डॉटचा स्क्रू फिरवून एवढं भरून निघालं खरं, पण मग तो टोकालाच जाऊन बसला. तिसऱ्यात ४० मिमी लांबीच्या पाठीला मागून ०.२३ मिमी उंची दिली. त्यासाठी तुकडा बांकात (व्हाइसमध्ये) धरताना एका टोकाखाली फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांची) पाती सरकवली, बस. आता स्क्रू जवळजवळ मधोमध आहे.

खरा वेळ गेला तो बैठकीत, म्हणजे जबडा डव्हटेलवर नीट टेकवण्यात. डव्हटेल ११ मिमीचा म्हणतात, पण त्याच्या कडा कुठे ६० अंशांच्या तर कुठे ४५ च्या असतात. माझा ६० चा निघाला, जबडा मात्र मी ४५ चा धरून काढला होता. घट्ट केला की हलत नव्हता, म्हणून मला तो बरोबर वाटला. पण काढून लावला की ग्रुप ९ मिमी बाजूला. जबड्याला मार्करची निळी शाई फासली, बसवला, आवळला, काढला. शाई फक्त दोन कोपऱ्यांत पुसली होती! अख्खा माउंट दोन टोकांवर उभा होता. जबडा ६० चा करून घेतला, मग बारीक कानस, पुन्हा शाई, पुन्हा आवळणं. दोन संध्याकाळ असंच चाललं. शेवटी शाई दोन्ही कडांवर पूर्ण लांबीभर एकसारखी पुसली गेली तेव्हा हातातली कानस मी खाली ठेवली.

आवळायचा क्रमही ठरवून टाकलाय. आधी माउंट पुढे दाबून थांब्याला भिडवायचा, मग पुढचा स्क्रू अर्धा, मागचा अर्धा, मग दोन्ही पूर्ण. मागचा आधी आवळला की तुकडा किंचित तिरपा बसतो, तेही शाईनेच दाखवलं. डॉट ज्या दोन एम३ स्क्रूंवर आहे त्यांना लॉकटाइट २४३ (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावलं, जबड्याच्या स्क्रूंना नाही, ते रोज काढायचे आहेत.

डॉट ३ एमओएचा आहे (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), म्हणजे १० मीटरवर जवळपास ९ मिमी. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. मोठा डॉट घेऊ नका, तो दहा पूर्ण झाकतो. एवढ्या जवळ पॅरॅलॅक्सही (डोळा हलला की डॉट टार्गेटवर सरकलेला दिसणं) जाणवतो, तेव्हा डॉट काचेच्या मध्यातच धरायची सवय लावतोय. डॉटवर वीस छर्रे झाले की माउंट काढून उघड्या साईटवर चाळीस मारतो. नाहीतर नजर टार्गेटवरच राहते आणि फोरसाईटवर परत यायला तयार होत नाही.

पुढच्या आठवड्यात माउंट ॲनोडायझिंगला (ॲल्युमिनिअमवर कडक थर चढवायला) देणार आहे. जबड्याच्या आतल्या कडा झाकून द्यायच्या आहेत, नाहीतर थर चढेल आणि कानशीने जमवलेली बैठक पुन्हा बिघडेल. तिथे मेण चालतं की टेप, हे कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.