स्पिती सायकल नोंद: शिमला ते काझा झालं, कुंझुम बाकी

शिमल्याहून निघून आज बारावा दिवस. मुक्काम काझा, म्हणजे स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव, उंची सुमारे ३,६५० मीटर, चौघेही ठणठणीत. सव्वाचारशेच्या आसपास किलोमीटर झाले. आता लोसर गाव, कुंझुम खिंड आणि पलीकडचं चंद्रा नदीचं खोरं उरलंय. साखळ्या धुऊन अंगणात वाळत घातल्यात, तोवर इथवरची नोंद लिहून काढतो. पुढच्या मोसमात हा रस्ता धरणाऱ्यांसाठी आकडे जरा सविस्तर देतोय.

आधी मार्गाबद्दल, कारण निघण्यापूर्वी सगळ्यात जास्त वाद त्यावरच झाला. मनालीकडून काझा साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे शिमल्याकडून लागतं त्याच्या निम्मंही नाही. सुट्टी मोजून घेतलेल्या माणसाला तीच वाट बरी वाटते. पण त्या बाजूने तिसऱ्या-चौथ्या दिवशीच साडेचार हजार मीटरचा कुंझुम अंगावर येतो. अण्णा आमच्यात वयाने मोठा. तो म्हणाला, "पाय तयार असतील रे, रक्ताला कोण तयार करणार?" विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो, असं त्याचं म्हणणं. त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. शिमल्याकडून, किन्नौरमधून आलो आणि आज चौघंही इथे धडधाकट बसलो आहोत, त्याचं श्रेय मी त्याच निर्णयाला देतो.

या वाटेची गंमत अशी की उंची सरळ वाढत नाही. पहिल्या दिवशी नारकंडा, २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी सतलजच्या काठी रामपूरला उतरलो तेव्हा उंची हजारावर आली. कमावलेलं सगळं एका सकाळीत गेलं म्हणून आमची मैत्रीण फार हिरमुसली होती. मला मात्र तो उतार ब्रेकची परीक्षा म्हणून लक्षात राहील. सामानासकट शंभर किलोंच्या वर वजन आणि दीड हजार मीटरहून जास्त उतार. ब्रेक सतत दाबून धरला तर डिस्क तापते आणि पकड जाते. वळणाआधी जोरात दाबायचा, वेग पाडायचा, मग पूर्ण सोडायचा. पुढचा-मागचा दोन्ही वापरायचे आणि दर पाच-सहा किलोमीटरला थांबायचं. आमच्या दोघांच्या सायकलींना रेझिनचे पॅड होते, ते या एका उतारात चांगलेच झिजले. धातूचे पॅड आवाज करतात, पण अशा रस्त्याला तेच घाला.

रामपूर ते टापरी हा पट्टा पटकन उरकावा असाच आहे. धूळ, जलविद्युत प्रकल्पांची कामं, त्यात सप्टेंबर म्हणजे सफरचंदांचा हंगाम, म्हणून भरलेले ट्रक सतत. नाकावर कापड बांधून निमूट पेडल मारत राहिलो. रस्ता कड्याच्या पोटातून कोरून काढलेला जिथे लागतो, तिथे तेवढे दहा मिनिटं थांबलो. डोक्यावर खडक, खाली सतलज. असा रस्ता माणसांनी हातांनी फोडत नेला असेल या विचाराने मी बराच वेळ गप्प होतो.

कल्पाला २,९६० मीटरवर पहिली सुट्टी. समोर किन्नर कैलास, सहा हजार मीटरच्या वरचं शिखर, आणि आम्ही दिवसभर त्याच्याकडे बघत सायकली आवळत बसलो.

पू गावाच्या अलीकडे माझ्या कॅरिअरचा खालचा बोल्ट गळून पडला. खड्ड्यांतल्या थरथरीने सैल होत गेला असणार. मी रोज सकाळी बोल्ट तपासत होतो, त्या दिवशी नेमकं राहिलं. पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकणारी पिशवी, चाकाला घासायला लागल्यावर कळलं. बाटलीच्या स्टँडचा बोल्ट काढून तिथे लावला. दोन्ही पाच मिलीमीटरचेच असतात, त्यामुळे बसला. बाटली दोरीने दांड्याला बांधली. सुटे बोल्ट चार तरी जवळ ठेवा, आणि घरून निघतानाच आट्यांवर लॉकटाइटचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब सोडा.

आता नाको, या नोंदीतला मुख्य भाग.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडला की सतलज तिबेटच्या दिशेला राहते आणि आपण स्पितीच्या अंगाने वर लागतो. तिथून नाकोपर्यंत हजारेक मीटरचा चढ, त्यात 'का' नावाच्या गावाजवळची नागमोडी वळणं. झाड नाही, सावली नाही, नुसती माती आणि खडक. मी या सहलीसाठी पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बदलून २२ दात्यांची घेतली होती, मागे सगळ्यात मोठी ३४ची. २९ इंची चाकाला या जोडीत पेडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सव्वापाच किलोमीटर, म्हणजे चालण्याचाच वेग. पण श्वास ताब्यात राहतो, गुडघे रडत नाहीत. आमच्यातल्या धाकट्याची पुढची चेनरिंग २८ची. त्याला त्याच चढावर प्रत्येक फेरीला पावणेदोन मीटरहून जास्त अंतर ढकलावं लागत होतं. तो आमच्यात सगळ्यात ताकदीचा, आणि नाकोला पोचल्यावर सगळ्यात जास्त तोच गळून गेला. त्याचं डोकं दुखायला लागलं, जेवण जाईना.

नियम असा सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. पू ते नाको यात तो नियम आम्ही मोडला होता, कारण मध्ये नीट मुक्काम जमला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कुठेच गेलो नाही. त्याला वाईट वाटत होतं, आपल्यामुळे सगळे अडकले म्हणून. मैत्रिणीने त्याला सांगितलं, "तू थांबलायस म्हणून आम्हीही थांबलोय, नाहीतर उद्या माझं डोकं दुखलं असतं." संध्याकाळी तो नाकोच्या तळ्याला चक्कर मारून आला, पोटभर जेवला. डोकेदुखी वाढली असती, उलट्या किंवा झोकांड्या सुरू झाल्या असत्या तर लगेच खाली उतरायचं, हे आधीच ठरलेलं होतं. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, यात आमच्याकडे मतदान नाही.

त्या दिवसापासून एक बदल केला. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. आधी आम्ही आपापल्या वेगाने जायचो आणि वर वाट बघायचो. मग मागून येणारा पोचला की पुढचे विश्रांती घेऊन निघायला तयार, आणि ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती मिळायची नाही. आता पुढचा ठरवतो तो वेग, तो थांबतो तेव्हा सगळे थांबतात. नाको ते टाबो साठेक किलोमीटर याच पद्धतीने आलो. दिवस लांबला नाही, उलट एक थांबा कमी झाला.

टाबोचा मठ इ.स. ९९६चा. बाहेरून मातीच्या जाड भिंती, काही शोभा नाही. आत अंधाराला डोळे सरावले की चित्रं उमटायला लागतात. आतून बाहेर यायला मन होत नव्हतं. टाबो ३,२८० मीटरवर, म्हणजे नाकोपेक्षा जवळजवळ चारशे मीटर खाली. उंच जाऊन खाली झोपायचं हे शरीराला मानवणारं गणित या वाटेने आपसूक साधतं. तिथून काझा ४७ किलोमीटर. दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळू डोळ्यांत जाते, म्हणून पहाटेच निघालो.

काझाला काल पूर्ण विश्रांती. आज सामान ठेवून मोकळ्या सायकलींनी लांगझाला गेलो, ४,४०० मीटर. धाप लागली, पण कुणाचं डोकं दुखलं नाही. तिथल्या डोंगरांत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात, हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या काळचे. एवढं चढून आल्यावर पायाखाली समुद्राचा तळ आहे हे कळणं, यासाठी मी पुन्हा हा चढ चढेन. जीवाश्म उचलून आणू नका, तिथेच बघा.

टायरबद्दल एक बारीक गोष्ट. बाहेरच्या हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच आहे, त्यामुळे खाली भरलेल्या टायरमध्ये गेज चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दाखवतं. गार हवेने त्यातला थोडा कमी होतो. दगडी रस्ता सुरू होण्याआधी आम्ही सगळ्यांनी थोडी हवा सोडली, मनगटांना लगेच फरक कळला.

परवा लोसर, साठेक किलोमीटर. तिथे दोन रात्री. तिसऱ्या दिवशी पहाटे कुंझुम आणि उतरून बातल. पलीकडचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात, त्यामुळे बातल ते छत्रू हा तुकडाही सकाळीच संपवायचा. कुंझुमवर ढग दिसले तर लोसरलाच तिसरी रात्र काढू, तेवढा एक दिवस हातात राखलाय. सामानातले दोन जड जाकीट आणि जादा भांडी इथून परत पाठवतोय, माझ्या सायकलीवरचं वजन १९ किलोंवरून १४वर आलं.

साखळी वाळली. तेल लावून बसवायला घेतो.