बूट घालून धापेवाड्याला

पंढरपूरपर्यंत चालणं आता माझ्या पायांना झेपणार नाही, पण आपलं धापेवाडा आहे की! विदर्भाचं पंढरपूरच ते. आषाढी झाली की पौर्णिमेच्या सुमारास विठोबा इकडे येतो, अशी आपल्याकडची श्रद्धा. पहाटे नागपूरच्या काटोल नाक्यावरून दिंडी निघाली आणि फेटरी यायच्या आत एकाने हटकलंच, "काऊन जी काका, देवाले बूट घालून चालले?"

हो, चाललो. शुगरने पायांच्या नसा खाल्ल्यात. रात्री तळव्यांची अशी आग होते की चादरही सहन होत नाही. अंगठ्याचं मात्र उलटं, त्याला काही कळतच नाही. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला; कधी लागतंय म्हणून मी वाट बघत राहिलो, तोवर त्यांचं तपासून झालं होतं. आगीवर निदान रात्रीची प्रीगॅबालिनची गोळी आहे, गुंगी येते म्हणून झोपतानाच घ्यायची. बधिरपणावर गोळी नाही. मला भीती आहे ती न दुखणाऱ्या बोटांचीच.

म्हणून प्रत्येक विसाव्याला बाकीचे चहाकडे वळले की मी मोजे काढून बसायचो. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, छोट्या आरशात तळवा बघायचा, मग बुटात हात घालून चाचपायचं. कळमेश्वरच्या अलीकडे हाताला तुरीच्या डाळीएवढी गिट्टी लागली. करंगळीखाली लाल चट्टा उठला होता आणि पायाला पत्ताच नव्हता! पुढचा टप्पा मी सामानाच्या गाडीत बसून काढला. कोणाला काय वाटायचं ते वाटो. चट्ट्यावर चालत राहिलं की फोड, फोडाची जखम, आणि शुगरवाल्याची जखम लवकर भरत नाही.

मुक्कामाला गावातली पोरं गरम पाण्याची घमेली घेऊन आली, वारकऱ्यांचे पाय शेकायला. मी नको म्हटलं. पाणी किती कढत आहे हे माझ्या पायांना कुठे समजतं? पोरगं हिरमुसलं, तेव्हा म्हटलं, "बाबू, खांदे दाबून दे." लई जोर होता त्याच्या हातात.

धापेवाड्यात मंदिरापाशी बूट काढावेच लागले. आमच्या हिने आधी फरशीला हात लावून पाहिला. "तापली नाही, या." मी मोजे पायात ठेवूनच आत गेलो, कोणी काही बोललं नाही. दर्शन मनासारखं झालं. परतीला मात्र सरळ एसटी धरली.