पत्रिकेतले ग्रीक

'सेंटर काय म्हणता, केंद्र म्हणा' असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर असतंच, आणि गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच घरचे, ग्रीक केन्ट्रॉन. एक लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत जाऊन आपल्याकडे आला, दुसरा त्याच्या कितीतरी आधी ज्योतिषाच्या पोथ्यांतून संस्कृतात शिरला.

मूळ अर्थ मात्र अगदी रांगडा. केन्टेइन म्हणजे टोचणं, म्हणून केन्ट्रॉन म्हणजे बैलाला-घोड्याला टोचायची पराणी, मधमाशीच्या नांगीलाही हाच शब्द. पराणीवर लाथा झाडणं अशी ग्रीकांची म्हणच होती, पिंडारच्या काव्यात आहे, बायबलच्या नव्या करारातपण आहे. मग भूमितीवाल्यांनी कंपासचं रुतणारं टोक, आणि ते रुततं ती जागा, दोन्हीला तेच नाव दिलं. इ.स.पू. 300 च्या आसपास युक्लिड वर्तुळाचा मध्य म्हणून केन्ट्रॉन लिहितो तेव्हा बैल कधीच मागे पडलेले.

पण पत्रिकेतली केंद्रं मधोमध नसतात ना, ती पहिलं, चौथं, सातवं, दहावं स्थान. कारण ग्रीक ज्योतिषी उगवती, मावळती, माथ्यावरचा आणि पायाखालचा अशा आकाशातल्या चार बिंदूंना केन्ट्रा म्हणायचे. त्यांच्या मागून उगवणारी स्थानं एपानाफोरा, ती झाली पणफर, आणि केंद्रांपासून ढळलेली ती आपोक्लिमा, म्हणजे आपलं आपोक्लिम. गुरुजी हे शब्द इतक्या ठसक्यात म्हणतात की शंका यायचं कारणच नाही!

माझा सगळ्यात लाडका जामित्र. लग्नाचं सातवं स्थान, पहिल्याच्या बरोब्बर समोर, म्हणून ग्रीक डायामेट्रॉस, शाळेत शिकलो तोच डायमीटर. आणि कालिदासानं कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पहिल्याच श्लोकात शंकर-पार्वतीच्या लग्नाची तिथी सांगताना 'जामित्रगुणान्वितायाम्' लिहिलंय. म्हणजे साक्षात महादेवाच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा ग्रीक शब्दाशिवाय निघाला नाही.

ज्योतिषातल्या होरा या शब्दाचं थोडक्यात सांगतो, ग्रीक होरा म्हणजे आधी ऋतू, मग तास, इंग्रजी अवरचा बाप तोच. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर बृहज्जातकात लिहितो की काही जण म्हणतात अहोरात्रचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला. 'काही जण', बरं का. माणूस हुशार होता, आणि दिलदारपण, बृहत्संहितेत सरळ म्हणतो की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे म्हणून ऋषींसारखा त्यांचा मान होतो. आजच्या 'सगळं आपलंच' वाल्यांनी हा श्लोक एकदा वाचावा असं फार वाटतं.

त्यानं राशींची ग्रीक नावंही दिलीत, क्रिऑसचं क्रिय म्हणजे मेष, टाउरॉसचं तावुरि म्हणजे वृषभ, झुगॉनचं जूक म्हणजे तूळ (झुगॉन म्हणजे जू, आणि बैलाच्या मानेवरचं जू त्याच्याच भावकीतलं). ही नावं पुढे टिकली नाहीत ते बरंच झालं म्हणायचं, कारण कुंभेला ग्रीकात हुड्रोखोऑस म्हणतात, पाणी ओतणारा, आणि त्याचं संस्कृतात झालं हृद्रोग. रोज सकाळी पेपरात 'हृद्रोग: आजचा दिवस आनंदाचा' वाचायला लागलं असतं.