सगळ्यालाच ‘पॉवरफुल’ कशाला?

इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडून पॉवरफुल, मायटी, पोटंट, स्ट्राँग, फॉर्मिडेबल असे शब्द ओळीनं शोधून बघा, शक्तिशाली, बलवान, सामर्थ्यवान हेच तीन-चार शब्द आलटून पालटून भेटतात आणि मग आपल्याला वाटतं की हे सगळे सेमच, कुठलाही उचला आणि कुठेही चिकटवा. घोळ तिथेच होतो. माझ्या मते या विशेषणांमध्ये ताकद किती आहे हा मुद्दाच नाहीये, ती ताकद कोणाच्या बाजूने बघितली जातेय हा आहे.

फॉर्मिडेबल घ्या. लॅटिनमध्ये फॉर्मिदो म्हणजे भीती, त्यामुळे हा शब्द नेहमी समोर उभा असलेल्याच्या तोंडचा, ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याचा. उद्या कोर्टात तुमच्या विरुद्ध उभा राहणारा वकील फॉर्मिडेबल, पण तोच जर तुमच्या बाजूने असेल तर तुम्ही त्याला ब्रिलियंट म्हणाल. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये हाच शब्द आता नुसता ‘मस्त, झकास’ इतकाच उरलाय. टेरिफिक, ट्रिमेंडस, ऑसम यांचंही तेच, एकात दहशत, दुसऱ्यात थरथर, तिसऱ्यात दरारा, आणि आज मोबाईलचं कव्हरसुद्धा ऑसम असतं. ऑफुल मात्र त्याच दराऱ्यातून निघून उलट्या रस्त्याला लागला आणि आता त्याचा अर्थ भिकार. हसायचं कारण नाही, आपणही ‘भयंकर सुंदर’ आणि ‘कसला डेंजर खेळतो राव’ म्हणतोच की.

आता स्ट्राँग आणि पॉवरफुल. कॉफी स्ट्राँग असते, पॉवरफुल नाही. इंजिन पॉवरफुल असतं, स्ट्राँग इंजिन म्हटलं की कानाला खटकतं. याला नियम असा नाहीच, कोण कोणाच्या शेजारी बसतो ते वाचून वाचूनच डोक्यात बसतं. पण जिथे दोन्ही चालतात तिथे बघण्यासारखं आहे: स्ट्राँग आर्ग्युमेंट म्हणजे जे सहज खोडता येत नाही ते आणि पॉवरफुल आर्ग्युमेंट म्हणजे जे ऐकणाऱ्याला हलवतं. एक टिकतं, दुसरं ढकलतं. रोबस्ट तर पूर्णच टिकणाऱ्यांच्या पार्टीतला, लॅटिनमधल्या ओक झाडाच्या आणि त्याच्या कठीण लाकडाच्या नावावरून आलेला, म्हणून सिस्टीम रोबस्ट, पुरावा रोबस्ट. मराठीत भक्कम, दणकट. त्याला कोणी ‘शक्तिशाली’ लिहिलं की माझं डोकं फिरतं.

पोटंट छोट्या गोष्टीच्या मोठ्या परिणामाला शोभतो, औषध, विष, एखादं प्रतीक. पुरुषाबद्दल वापरताना जरा जपून, कारण इम्पोटंट शेजारीच उभा असतो आणि वाचणाऱ्याचं डोकं लगेच तिकडे जातं. ऑम्निपोटंट देवासाठी, नाहीतर टोमणा मारायला. त्याच्या आधी व्हेरी लावायचं नाही, सर्वशक्तिमान ‘खूप’ कसा असेल? मायटी नद्यांना आणि सैन्यांना छान दिसतो, आजच्या माणसाला लावला तर पोवाड्यासारखं वाटतं, आणि हाय अँड मायटी म्हणजे सरळ सरळ तोऱ्यात वागणारा.

ग्रीक पुराणातून आलेल्यांची वेगळीच तऱ्हा. टायटन्स म्हणजे आधीच्या पिढीतले महाकाय देव, ते देवांचा राजा झ्यूस याच्याशी लढाई हरले आणि पाताळात कोंडले गेले, तरी टायटॅनिक म्हणजे प्रचंड, आणि त्या नावाचं जहाज 1912 मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं ते सगळ्यांना माहितीये. कलॉसल पुराणातला नाही पण तोही ग्रीकच, ऱ्होड्स बेटावरच्या पुतळ्याशी जोडलेला, तो साधारण 33 मीटर उंच होता आणि भूकंपात कोसळला, पन्नास-साठ वर्षंच उभा होता. म्हणून की काय, कलॉसल हा फेल्युअर आणि वेस्ट यांच्या शेजारी फार रमतो (हे माझं आपलं उगाच, कारण तसं नसणार). हर्क्युलियन बहुतेक वेळा माणसाला लागत नाही, कामाला लागतो, हर्क्युलियन टास्क. हर्क्युलिसची बारा कामं आठवा, शक्ती त्याची पण विशेषण गेलं कामाकडे.

क्षमतेच्या शब्दांत तर माणसं अजून जास्त फसतात. कॉम्पिटंट कौतुक वाटतं पण शिफारसपत्रात ‘शी इज कॉम्पिटंट’ एवढंच लिहिलं तर वाचणारा समजतो की बाई काम बिघडवत नाही, बस्स. केपेबल त्याहून गरम, तिच्यावर सोपवून निश्चिंत व्हावं असा, मात्र ‘केपेबल ऑफ’ पुढे खूनही येऊ शकतो. डेक्स्टरस उजव्या हातावरून आला, म्हणजे डावखुऱ्यांवर तिकडेही अन्याय, आपल्याकडेही कोणी दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो, डावा नाही. अडेप्ट एके काळी किमयागारांचा शब्द, सोनं करायची विद्या सापडलीय असा दावा करणाऱ्यांचा, आता एक्सेल शीट चालवणाऱ्यालाही लागतो.

आणि गिफ्टेड. हा कौतुकाचा आहेच, पण यात श्रेय देणाऱ्याला जातं, घेणाऱ्याला नाही. टॅलेंटेडही जवळपास तसाच, टॅलेंट हे मुळात वजनाचं माप आणि तेवढ्या चांदीची रक्कम, बायबलमधल्या गोष्टीत मालक नोकरांकडे ती सोपवून जातो, तिथून तो ‘मिळालेली देणगी’ झाला. अकम्प्लिश्डमध्ये मात्र घासलेली वर्षं दिसतात. सहा वर्षांच्या मुलीला गिफ्टेड पियानिस्ट म्हणा, मस्त आहे, पण साठीच्या पियानिस्टला तेच म्हणाल तर बाई हसून थँक्यू म्हणेल आणि मनात म्हणेल, मग एवढी वर्षं रोज रियाज काय शेजाऱ्यांनी केला?